साहेबांची गोंडी

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत नोकरीला आलेल्या माणसाला मराठी पुरेल असं वाटतं, आणि आरमोरी-चामोर्शीपर्यंत ती पुरतेही. (तिथली मराठी झाडीबोली आहे आणि पुणेरी कानाला तीही सहज झेपत नाही, पण तो विषय वेगळा.) धानोऱ्याच्या पुढे गोंडी सुरू होते. एटापल्ली-भामरागडकडे माडिया, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि मुलचेऱ्याच्या काही गावांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली. चंद्रपूरचे दोन भाग करून १९८२ साली हा जिल्हा झाला. तिकडे चंद्रपुरात जिवती-राजुऱ्याच्या डोंगरातही गोंडी आणि कोलामी आहेच.

या टापूत नर्स, वनरक्षक, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक असे लोक पंचविशीत किंवा चाळिशीत नवी भाषा शिकायला बसतात. त्यांनी शिकताना आपल्या शिकण्याकडे वळून पाहावं, रोज काही टिपून ठेवावं, असं काही शिकवणारे म्हणतात. इतरांना ते थोतांड वाटतं. दोन्हीकडचं बोलणं इथे दोन तोंडी घातलं आहे. गुरुजी म्हणजे गोंडी मातृभाषा असलेले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. ताई मोठेपणी गोंडी शिकल्या आणि आता सरकारी नोकरांचे वर्ग घेतात. दोघंही कुणी एक व्यक्ती नव्हेत, पण धानोऱ्याच्या चहाच्या टपरीवर अशी माणसं भेटू शकतात.

गुरुजी : ताई, तुमच्या वर्गातल्या वह्या पाहिल्या मी. शेवटच्या पानावर सगळ्यांचं एकच. ‘आज दहा शब्द शिकलो. वर्ग आवडला. उच्चार सुधारायचे आहेत.’ एकाचं पाहून दुसऱ्यानं लिहिलं काय?

ताई : पाहून नाही लिहिलं, गुरुजी. मीच छापील कागद दिला होता. आज काय शिकलात, काय अवघड गेलं, पुढे काय करणार.

गुरुजी : मंग तो वरच्या साहेबासाठी झाला. सरकारी माणसाला रकाना दिसला की तो भरते. नोकरीभर मीही भरले. रकाना भरताना माणूस विचार नाही करत, रिकामा राहू नये एवढंच पाहते.

ताई : कागद वाईट होता, कबूल. म्हणून शिकणाऱ्यानं स्वतःकडे पाहूच नये का?

गुरुजी : गरज काय? मी शाळेत गेलो तं मराठीचा एक शब्द येत नव्हता. ऐकलं, मार खाल्ला, बोललो. गोटुलात कोणी वही नाही ठेवत. पोरं तिथं गाणं शिकतात, नाच शिकतात, म्हाताऱ्यापुढं कसं बोलायचं तेही शिकतात.

ताई : तुम्ही तेव्हा सहा-सात वर्षांचे होता आणि दिवसभर त्याच भाषेत बुडालेले होता. माझा वनरक्षक चाळिशीचा आहे. त्याच्या कानात मराठी आधीच पक्की बसली आहे. गोंडी तो तिच्यातूनच ऐकतो. शिवाय त्याला लाज आहे. पोराला चुकायची लाज नसते, साहेबाला असते. म्हणून त्याला स्वतःचं बोलणं थोडं लांबून पाहावं लागतं.

गुरुजी : वडशाच्या नाटक कंपन्या पाहता ना तुम्ही? पडद्यामागं प्रॉम्प्टर वाक्यं सांगते. नवा नट सगळा कान त्याच्याकडे लावते आणि समोरचं पात्र काय म्हणते ते त्याला ऐकूच येत नाही. तुमची वही तशी आहे. नर्सबाई पेशंटसमोर बसून मनातल्या मनात व्याकरण तपासत असते. तोपर्यंत म्हातारी उठून गेलेली असते.

ताई : बोलताना वही उघडायला मी सांगतच नाही. संध्याकाळी उघडा. तुमच्यासारखंच म्हणणारा एक माणूस अमेरिकेत आहे, स्टीफन क्रॅशन. मुद्दाम शिकलेले नियम फक्त तपासनीसाचं काम करतात, खरी भाषा ऐकून-समजून आपोआप येते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर बरीच वर्षं वाद झाले.

गुरुजी : शहाणा दिसते तो.

ताई : थांबा. हवाई विद्यापीठात रिचर्ड श्मिट नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते. एका जपानी चित्रकाराबद्दल त्यांनी १९८३ साली लिहिलं. लेखात त्याचं टोपणनाव वेस. तो वर्गात न बसता, लोकांत मिसळून इंग्रजी शिकला. तीन वर्षं श्मिट त्याचं बोलणं तपासत राहिले. माणूस गप्पांत पटाईत झाला, ओळखी वाढल्या, धंदा वाढला. व्याकरण मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं.

गुरुजी : लोक त्याच्याशी बोलत होते ना? मंग झालं की.

ताई : चित्रकाराचं झालं. नर्सचं होत नाही. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, काल ताप होता की उद्यापर्यंत थांबायचं, हे शब्दांच्या त्या शेपटांतच असतं, ज्यांना तुम्ही व्याकरण म्हणता. हेच श्मिट पुढे स्वतः ब्राझीलमध्ये पाच महिने राहून पोर्तुगीज शिकले. रोजनिशी ठेवली आणि मधूनमधून स्वतःचं बोलणं टेप केलं. सिल्व्हिया फ्रोटा यांच्यासोबत १९८६ साली त्यावर लेख लिहिला. जे रूप कुणाच्या बोलण्यात त्यांनी टिपलं आणि रोजनिशीत लिहिलं, ते पुढे त्यांच्या तोंडी आलं. वर्गात शिकवलेलं पण बाहेर कानाला न लागलेलं बरंचसं आलंच नाही. टिपल्याशिवाय शिकणं होत नाही, हे त्यांचं मत तिथून पक्कं झालं.

गुरुजी : आणि टेपमधून काय निघालं?

ताई : (थोडं थांबून) लोक त्यांच्या चुका बोलता बोलता दुरुस्त करत होते. आणि पुष्कळ वेळा ते यांच्या गावीही नव्हतं.

गुरुजी : हेच म्हणतो मी. वहीत तेवढंच उतरते जेवढं माणसाला आधीच दिसलं. जे दिसलं नाही ते वहीत कसं येईल?

हा घाव बरोबर बसला. आपल्या शिकण्याचा हिशेब ठेवणाऱ्याला स्वतःचं अज्ञान दिसत नाही, कारण हिशेबनीस तोच असतो. ताईंनी इथे चहा मागवला. गुरुजींना मात्र जिंकलेला मुद्दा तिथेच सोडवेना.

गुरुजी : सेतुमाधवराव पगडी घ्या. इतिहासकार म्हणून तुम्ही ओळखता. ते निजामाच्या नोकरीत होते. आदिलाबादेत गेले, गोंडी शिकले, कोलामी शिकले. आपला राजुरा तवा आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्यांनी कोणत्या प्रशिक्षणात वही भरली?

ताई : त्यांनी दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली, गुरुजी! मोठ्या माणसानं परक्या बोलीचं व्याकरण लिहायचं म्हणजे रोज स्वतःला विचारायचं, हे मला कळलं की कळल्यासारखं वाटलं? सगळ्यात जाडी वही त्यांचीच.

गुरुजी : बरं, ते राहू द्या.

ताई : का राहू द्या? आदिलाबादेतल्या मारलावाईचं प्रशिक्षण केंद्रही त्याच काळातलं. १९४३ साली मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकारानं सुरू झालं. थोडीफार मराठी वाचता येणारे गोंड तरुण शिक्षक म्हणून तयार केले आणि गोंडीची पुस्तकं देवनागरीत काढली. पगडी त्या कामात होते. शिकवणारे आणि शिकणारे सगळेच मोठे.

गुरुजी : आणि ते काहून सुरू झालं, तेही सांगा. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध लढणारा आमचा कोमराम भीम पोलिसांच्या गोळीनं मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला गोंडांची भाषा आठवली. साहेब आमची भाषा काहून शिकते, हे तुमच्या छापील कागदात विचारलंच नाही. खरी गोष्ट ती आहे.

ताई : म्हणजे?

गुरुजी : म्हणजे असं. एखादा गार्ड दहा वर्षं जंगलात काढते. लोकं म्हणतात, याला गोंडी येते. मी शेजारी बसून ऐकतो. ‘ये. बस. दाखव. कुठून आणलं? काढ. चल.’ एवढंच. सगळे हुकूम, नाही तं चौकशी. ‘तुमच्या गावात यंदा मोहा कसा पडला’ हे त्याला विचारता येत नाही, कारण त्याची त्याला कधी गरजच पडली नाही. आणि कोणी त्याला काही विचारलं तं उत्तर देता येत नाही, कारण त्याला कोणी विचारतच नाही. नर्सबाईचं थोडं बरं असते. तिला ‘कुठं दुखते’ विचारून ऐकावं लागते. पण तिथंही ‘तोंड उघड, झोप, दीर्घ श्वास घे’. आता हा गार्ड तुमच्या वहीत लिहिते की त्याचे शब्द वाढले. वाढले तं खरं. पण गोंडी कुठं वाढली?

ताई : (बराच वेळ गप्प) हे कुणीच लिहिलं नाही.

गुरुजी : कोण लिहील? त्याला वाटते भाषा म्हणजे शब्द.

ताई : पण गुरुजी, हे बाहेर काढायला तर वहीच लागेल. ‘आज काय शिकलात’ हा प्रश्न फेकून देऊ. त्याऐवजी संध्याकाळी एवढंच आठवायचं, की आज गोंडीत जी वाक्यं बोललो त्यांत हुकूम किती होते, प्रश्न किती, आणि दुसऱ्यानं आपणहून विचारलेल्याला दिलेली उत्तरं किती. आठवडाभर मोजलं की माणसाला स्वतःलाच दिसेल, तिसरा ढीग रिकामा आहे.

गुरुजी : मोजेल काय तो? पुन्हा रकाने आले.

ताई : रकाने नकोत. शोधग्रामला डॉ. अभय बंग यांनी आरोग्यदूतांसाठी केलेला श्वासमापक माहीत आहे ना? बाळाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटातल्या श्वासांवरून ठरतं. पण खेड्यातल्या काही दायांना बारापुढे मोजता येत नव्हतं. त्यांना आकडे शिकवण्याऐवजी मणी दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. सोबतच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. नोंद ठेवायला अक्षर लागतंच असं नाही. माझ्या वर्गातल्या लोकांना मी चिंचोके देईन. हुकूम डाव्या खिशात, उत्तर उजव्या खिशात.

गुरुजी : (हसून) उजवा खिसा रिकामा ठेवूनच घरी जाईल तो.

ताई : जाऊ दे. मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम कुणाच्या तरी अंगणात बसेल, हुकूम न देता. मी वळून पाहा म्हणते ते एवढ्याचसाठी. मनात काय वाटलं हे लिहिण्यासाठी नाही, उद्या कुठे बसायचं ते ठरवण्यासाठी.

इथे मी ताईंच्या बाजूने आहे. प्रौढांच्या शिकण्यावर गेल्या काही दशकांत जे साहित्य जमलं, त्यात भावनांचा कबुलीजबाब फार आणि दुसऱ्या दिवशीचं काम थोडं, असं अनेकदा होतं. युरोपच्या परिषदेनं २००१ च्या सुमाराला भाषाशिक्षणासाठी एक संचिका प्रचारात आणली. तिच्यात ‘मला हे करता येतं’ अशा वाक्यांपुढे शिकणाऱ्यानं स्वतः खूण करायची असते. आयर्लंडमध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या डेव्हिड लिटल यांनी ती निर्वासितांना इंग्रजी शिकवताना वापरली, आणि तिथे तिचा उपयोग झाला, कारण दवाखान्यात, घरमालकाशी, मुलांच्या शाळेत बोलायची निकड त्या निर्वासितांची स्वतःची होती. आपल्याकडे निकड उलट्या बाजूला असते. गरज गावाला, आणि शिकण्याची नोंद साहेबाकडे.

गुरुजी : चिंचोके ठीक आहेत. पण तुमच्या श्मिटसाहेबाची अडचण तशीच राहिली. चूक दिसत नाही ती नाहीच दिसत. तुमच्या मराठी माणसाची रोजची चूक सांगतो. मराठीत तो आला, ती आली, ते आलं. आमच्याकडं पुरुष आला तं ‘वातोर’. बाई आली, बैल आला, बस आली, सगळ्यांना ‘वाता’. मराठी माणूस बाईसाठी वेगळं रूप शोधत बसते. सापडत नाही, मंग ते मनानंच बनवते, नाही तं बाईलाही ‘वातोर’ म्हणते. पोरं मागं हसतात.

ताई : ब्राझीलमध्ये लोक दुरुस्त तरी करत होते. इथे?

गुरुजी : इथं साहेबाला कोण दुरुस्त करते, बापा? म्हातारी ‘हो’ म्हणते. समजलं तरी हो, नाही समजलं तरी हो. तो घरी जाऊन वहीत लिहिते, आज संवाद चांगला झाला.

ताई : मग त्यांनी आपसात बसावं. नर्सनी नर्ससोबत, गार्डांनी गार्डांसोबत. मेंढा-लेख्याच्या अभ्यासगटासारखं.

गुरुजी : मेंढ्याचं नाव घेता तं नीट घ्या. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं अभ्यासगट चालवला, त्यात अडाणी-शिकलेला असा भेद नव्हता. बसायचं, समजून घ्यायचं. निर्णय तिथं नाही, निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांच्या सहमतीनं. म्हणून ते गाव २००९ साली सामूहिक वनहक्काचा दावा जिंकू शकलं आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचा पास आपल्या हातानं देऊ लागलं. तुमचे साहेब हाताखालच्या माणसापुढं ‘मला नाही समजलं’ म्हणतील काय?

ताई : हाताखालचे नकोतच त्यात. एका हुद्द्याचे बसवू. आणि बोलणं पहिले काही महिने मराठीत होऊ दे. गोंडी येत नसताना ‘मला गोंडीत काय जमत नाही’ हे गोंडीतच सांगायला लावणं हा जुलूम आहे.

गुरुजी : हे पटलं. पण मेंढ्यात गाव स्वतःबद्दल बोलत होतं. तुमच्या गटात गावच नाही. मला विचाराल तं शिकणाऱ्यानं आपल्या गोंडीबद्दल एक अक्षर लिहू नये. ज्यानं ती ऐकली, त्यानं सांगावं.

ताई : श्रोत्याला विचारायचं?

गुरुजी : हो. उपकेंद्रात जी बाई चार वेळा येऊन गेली तिला विचारा, नर्सबाईचं तुला काय कळलं? काय नाही कळलं? कशाचं वाईट वाटलं? नर्सबाईनं स्वतः नाही विचारायचं, तिला ‘हो’च ऐकू येईल. गावातल्या आशाताईनं विचारावं.

ताई : पण मग शिकणाऱ्याचं स्वतःचं काय राहिलं? दुसऱ्यानं सांगितलेली चूक माणूस पाठ करतो, समजून घेत नाही. त्या बाईनं सांगितलं, ‘नर्स तोडून बोलते’. ती का तोडून बोलते? घाईनं, भीतीनं, की तिला फक्त हुकूमच येतात म्हणून? हे नर्सलाच शोधावं लागेल. दोन्ही पाहिजे, गुरुजी.

गुरुजी : दोन्ही म्हटलं की भांडण मिटते असं नाही. आधी कोणतं?

ताई : आधी तिचं स्वतःचं. नाही तर ती वर्गात येणंच बंद करेल.

गुरुजी : आधी गावाचं. नाही तं ती येऊन उपयोग काय?

यावर त्या दिवशी एकमत झालं नाही, आणि व्हायला हवं असं मलाही वाटत नाही. गुरुजींच्या पोटात मात्र आणखी एक गोष्ट होती.

गुरुजी : एक उलटं सांगू? आमच्या बायका मराठी शिकून राहिल्या आहेत. ग्रामसभेचे कागद मराठीत, तेंदूचा लिलाव मराठीत, २००६ च्या वनहक्क कायद्याची नोटीस मराठीत, बँकेचं पासबुक मराठीत. त्याही मोठेपणीच परकी भाषा शिकतात ना? त्यांना कोणी विचारते काय, आज काय अवघड गेलं?

ताई : ‘उल्लास’च्या साक्षरता वर्गात परीक्षा असते. वाचन, लेखन, संख्याज्ञान. १५० गुणांची.

गुरुजी : परीक्षा म्हणजे साहेबानं विचारणं. ठेकेदारानं कागद पुढं केला तं कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं, हे त्यात येते काय?

ताई : नाही येत. पण ते त्या बायकांनाच विचारायला हवं. आपण ठरवलं तर पुन्हा छापील कागदच होईल. मी म्हणते, नर्स आणि ग्रामसभेतल्या दोघी-तिघी एकत्र बसवू. नर्स गोंडी शिकतेय, त्या मराठी. जिचं जिथे अडलं ते दुसरीनं सांगायचं. तिथे साहेब कुणीच नाही, दोन्हीकडे चुकणाऱ्याच. म्हातारीचा खोटा ‘हो’ तिथे टिकणार नाही.

गुरुजी : टिकेल थोडे दिवस. नर्सच्या हातात सुई आहे. पण बसवा. आणि तीन वर्षांनी तिची बदली झाली की?

ताई : तेच मी विचार करत होते. आजपर्यंत प्रत्येक जण आपली वही घेऊन गेला. पुढची नर्स पुन्हा पहिल्या दिवसापासून. ‘ये, बस, तोंड उघड.’

गुरुजी : तं वही तिची नकोच. वही उपकेंद्राची. या गावात नर्सचं बोलणं कुठं कुठं अडते, कोणत्या प्रश्नाला बाया गप्प होतात, कोणत्या आजाराचं नाव पुरुषासमोर घेत नाहीत, हे त्यात. तीन नर्सा गेल्या तरी वही तिथंच. अशी वही असली तं मी भांडणार नाही.

ताई : गुरुजी, म्हणजे वही तुम्हाला मान्य!

गुरुजी : पहिलं पान गावानं सांगितलेलं असेल तं.

ताई : आणि ते लिहिणार कोण?

गुरुजी : मी लिहितो. पण गोंडीत. वाचायला शिकावं लागेल त्यांना.

ताई : देवनागरीत ना?

गुरुजी : सध्या देवनागरीत. गोंडीची मसाराम लिपी शिकलेली पोरं आहेत गावात. पुढच्या नर्सबाईचं पुढं पाहू.